आगबोटीवरची पंगत

परवा रात्री धाकट्या वन्संचा फोन आला. "वहिनी, अलास्काच्या क्रूझचं बुकिंग झालं! पण त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे. रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी हवं की कधीही? आमचा चिरंजीव म्हणतो, आई, काहीही टिक कर, तुम्ही दोघं बुफेतच जेवणार आहात. मग करू ना काहीही?"

नाही. मुळीच नाही. मी फोनवर पाऊण तास बोलले. ह्यांनी दोनदा येऊन घड्याळाकडे बोट दाखवलं. तरी मनासारखं बोलून झालंच नाही, म्हणून आता इथे लिहिते आहे. वन्सं वाचतीलच, आणि त्यांचा चिरंजीवही वाचेल अशी आशा आहे.

ज्यांनी ही मोठी बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोटीवर रात्री जेवायच्या मुख्य जागा दोन. एक वरच्या मजल्यावरचा बुफे. ताट घ्या, रांगेत लागा, हवं ते वाढून घ्या आणि रिकामं टेबल शोधा. दुसरी म्हणजे खालचं मोठं भोजनगृह. तिथे पांढरं टेबलक्लॉथ, छापील मेनू, आणि एकेक पदार्थ आणून देणारा वेटर. आता नीट ऐका, कारण आपली निम्मी माणसं इथेच चुकतात. दोन्हीचे पैसे तिकिटात आधीच भरलेले असतात! खालचं भोजनगृह म्हणजे काही जादा पैशांचं पंचतारांकित प्रकरण नव्हे. जादा पैसे पडतात ती वेगळी छोटी हॉटेलं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पण आपले लोक त्या मोठ्या दारातून आत डोकावतात, झुंबर बघतात आणि "हे आपल्यासाठी नसेल" म्हणून लिफ्टने वर जातात. आम्हीही पहिल्या दोन रात्री तेच केलं.

जून २०२३ मध्ये सिअ‍ॅटलहून सात रात्रींची फेरी होती. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. पहिल्या रात्री बुफेत गेलो. काय सांगू, पदार्थच पदार्थ! भातच चार तऱ्हेचे. नातू पास्त्याच्या काउंटरकडे पळाला, नात आइस्क्रीमकडे. मुलगा मासे बघायला गेला. सून सहा जणांचं टेबल शोधत फिरत होती. ह्यांना तिखट काही नको होतं, म्हणून मी त्यांच्यासाठी साधा भात आणि उकडलेल्या भाज्या आणल्या. तोवर नातवाला पास्ता आवडला नाही, त्याला पिझ्झा आणून दिला. मग पाणी. मग चमचे. शेवटी मी माझं ताट घेऊन टेबलाशी आले तेव्हा ह्यांचं जेवण संपलेलं, मुलं उठलेली आणि मुलगा "आई, तू बस, मी गोड काय आहे बघून येतो" म्हणून निघालेला. मी एकटी, समोर गार झालेली भाजी. दुसऱ्या रात्रीही हेच झालं, फक्त पास्त्याऐवजी नूडल्स.

त्या रात्री केबिनमध्ये मला झोप येईना. बोट लागली नव्हती, मन लागत नव्हतं. वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय. कुठे काय, घरीच! १९७४ साली लग्न होऊन अकरा माणसांच्या घरात आले. दुपारची शाळा. सकाळी सगळ्यांची पानं वाढून, झाकपाक करून, ओट्याशी उभ्याने दोन घास खाऊन बस पकडायची. सणासुदीला पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, मग आम्ही बायका. आमच्या वाट्याला येईपर्यंत वरण कोमट, पुरणपोळी असली तर अर्धी. माझ्या आईचं तेच आणि सासूबाईंचंही तेच. तक्रार करत नाही, तेव्हा सगळ्याच घरांतून तसंच होतं. पण एवढे डॉलर मोजून, अर्धी पृथ्वी ओलांडून, मी पुन्हा दुसऱ्या पंगतीलाच बसायचं?

बुफेवाले म्हणतात, बुफेत स्वातंत्र्य आहे. कोणाला आहे? ज्याच्यासाठी कोणीतरी दुसरं उठतं, त्याला आहे. ज्या घरात एक बाई आयुष्यभर वाढत आली, तिला बुफेत नेऊन सोडलं की ती तिथेही वाढतेच. कोणी सांगावं लागत नाही, हात आपोआप डावाकडे जातो.

तिसऱ्या रात्री मी जाहीर केलं, मी खाली जेवणार, ज्याला यायचं त्याने यावं. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आले. सगळेच आले.

वेटर निघाला गोव्याचा, साष्टीतला. ह्या बोटींवर कामाला असलेले गोंयकार खूप, पिढ्यानपिढ्या दर्यावर गेलेली घराणी आहेत तिकडे. आम्ही मराठी बोलताना ऐकून तो कोंकणीत बोलायला लागला. त्याने माझी खुर्ची ओढून दिली, मी बसले, आणि रुमाल उलगडून माझ्या मांडीवर पसरला. मला एकदम काय करावं कळेना. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी असं कोणी केलं नव्हतं (ह्यांनी हे वाचलं तर वाचू देत).

मग मेनू. मराठी माध्यमातून शिकलेल्या बाईची खरी परीक्षा इथे. निम्मे शब्द फ्रेंच! माझं स्पष्ट मत आहे की आपले लोक वर बुफेला पळतात ते वेळ वाचवायला नाही. ते पळतात ह्या मेनूला आणि ताटाच्या दोन्ही बाजूंना मांडलेल्या त्या काट्यासुऱ्यांना घाबरून. बुफेत बोट दाखवलं की भागतं, इथे तोंड उघडावं लागतं. पण मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, वर्गात येत नसेल ते विचारा, लाज काय त्यात! मी विचारलं. त्याने प्रत्येक पदार्थ समजावून सांगितला. काट्याचमच्यांचं गणितही सोपं आहे, बाहेरच्यापासून सुरुवात करायची आणि आत यायचं. चुकलं तरी कोणी मार्क कापत नाही. मी पहिल्यांदा मागवलं ते स्ट्रॉबेरीचं गार सूप निघालं, म्हणजे जेवणाच्या सुरुवातीलाच चक्क शिकरणीची धाकटी बहीण. हसून हसून नातीला ठसका लागला. त्याने ते हलवून दुसरं आणून दिलं, त्याचेही वेगळे पैसे नाहीत. दोन स्टार्टर मागवा, मधला पदार्थ वगळा, सगळं चालतं.

शाकाहाराचं म्हणाल तर बुफेत मला सारखी धास्ती. एकाच्या पळीने दुसऱ्यात ढवळणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले. खाली त्या वेटरने आदल्या रात्रीच विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून डाळ, एक भाजी आणि भात रोज माझ्यापुढे, वाफाळता. आधी सांगून ठेवलं तर बहुतेक बोटी हे करतात. वन्सं, हे लिहून ठेवा.

पळीवरून आठवलं. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या बोटींची तिथलं सीडीसी हे सरकारी खातं अचानक तपासणी करतं. शंभरपैकी गुण देतात, शहाऐंशी किंवा अधिक मिळाले तर पास. (आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचो!) आणि बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ आली की पहिली गोष्ट काय करतात? बुफेतली स्वहस्ते वाढून घेण्याची सोय बंद करतात आणि कर्मचारी वाढायला उभे राहतात. हजारो हात ज्या पळ्यांना लागतात तिथे दुसरं काय होणार?

ह्यांचा आक्षेप होता वेळेचा. "दीड-दोन तास कोण बसणार?" अहो, सुट्टीवर आलोय ना आपण? घरी आपण चौघं-पाचजण दीड तास एकत्र कधी बसतो? मुलगा सकाळी जातो, सून संध्याकाळी फोनवर, मुलं आपापल्या खोलीत. त्या टेबलाशी दोन पदार्थांच्या मधली जी दहा-दहा मिनिटं रिकामी मिळतात, तीच खरी मिळकत. अशाच एका रिकाम्या वेळात मी नातवाला लहानपणीच्या रत्नागिरीच्या बोटीची गोष्ट सांगितली. मुंबईहून आगबोटीने निघायचं, डेकवर सतरंजी टाकायची, घरच्या दशम्या आणि लसणाची चटणी. ज्याला बोट लागेल त्याच्या हातात लिंबू. आणि बंदराला पोचल्यावर मोठी बोट लांबच उभी, पडावात उतरून किनाऱ्याला जायचं. पोरगा डोळे विस्फारून ऐकत होता. बुफेत हे मी त्याला कधी सांगणार होते, पिझ्झाच्या रांगेत?

मुलाचा मुद्दा देखाव्याचा. वर सगळीकडे काचा, समुद्र दिसतो, आणि खाली कसली मजा. त्याला मी खिडकीकडे बोट दाखवलं. जूनमध्ये जुनोला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला! साडेपाच-सहाला बसून साडेसातला उठलं तरी तीन-चार तास उजेड. आणि खालच्या मजल्यावर बोट हलते कमी, हे ज्यांना बोट लागते त्यांनी लक्षात ठेवावं. ग्लेशियर बे मध्ये गेलो त्या दिवशी मात्र दुपारी मी वरच जेवले, ताट घेऊन खिडकीशी उभी राहून. हिमनदीचा कडा तुटून पाण्यात पडताना जो आवाज होतो तो ऐकताना मेनू कोण वाचत बसणार? सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण ह्याबद्दल माझं काहीच भांडण नाही. माझं भांडण रात्रीच्या पानाबद्दल आहे.

सुनेचा आक्षेप सगळ्यांत वजनदार होता, आणि मी त्यावर अजून विचार करते आहे. ती म्हणाली, "आई, तुम्हाला कोणी वाढतंय ह्याचा तुम्हाला आनंद होतो. पण तो माणूस घरापासून सात-आठ महिने लांब आहे, रोज दहा-बारा तास उभा आहे. त्याच्याकडून रुमाल पसरून घेणं मला अवघड जातं." खरं आहे तिचं. पण बुफेतली उष्टी ताटं कोण उचलतं? तीही अशीच माणसं, फक्त तिथे आपण त्यांच्याकडे बघत नाही. खाली निदान त्याचं नाव कळलं, मुलीची बारावी चालू आहे हे कळलं, पावसाळ्यात घराचं छप्पर करायचं आहे हे कळलं. बक्षिसीचे माणशी रोजचे पंधरा-वीस डॉलर आपल्या खात्यात आपोआप लागतात. ते काउंटरवर जाऊन कमी करून आणणारे आपल्यातले काही महाभाग मी बघितले, त्यांची मला लाज वाटली. आम्ही वेगळं पाकीटही दिलं. तेवढ्याने सुनेच्या प्रश्नाचं उत्तर झालं असं मी म्हणत नाही.

आणि हो, पंगतीचं गुणगान करते आहे म्हणून कोणी मला जुन्या पंगती आठवून डोळे पुसणाऱ्यांत घालू नका. आपल्या पंगतीत कोण कुठे बसणार, कोणाला वेगळं बसवणार आणि कोणाला अंगणात, हे सगळं मी पाहिलंय. लग्नकार्यात बुफे आला आणि ते निदान दिसण्यापुरतं तरी पुसलं गेलं, हे त्याचं पुण्य मी मान्य करते. पण बोटीवरच्या पंगतीत माझ्या शेजारी ओहायोचं एक शेतकरी जोडपं होतं आणि पलीकडे फिलिपिनो नर्सबाई, आईला घेऊन आलेली. आणि बायका पहिल्या पंगतीला!

कपड्यांचं एवढं अवडंबर नको. सात रात्रींत दोनच रात्री जरा नटायच्या असतात. ह्यांनी मुलाचा कोट घातला, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. बायकांना तर प्रश्नच नाही. साडी नेसली की झालं. मी इरकल नेसले होते, त्या नर्सबाईंच्या आईने पदर हातात घेऊन बघितला.

तर वन्सं, फॉर्ममध्ये लवकरची ठरलेली वेळ टिक करा, म्हणजे रोज तेच टेबल आणि तोच वेटर. "कधीही"वर टिक केलंत तर रोज रांग आणि रोज नवा माणूस, त्याला शाकाहार पुन्हा पहिल्यापासून समजवा. शेवटच्या संध्याकाळी बोट व्हिक्टोरियाला थांबते, कॅनडात. अमेरिकेचा १८८६ चा कायदाच आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला सिअ‍ॅटलहून सिअ‍ॅटलला यायचं तर मध्ये परदेशी बंदर करावंच लागतं. त्या रात्री सगळे उतरायच्या घाईत वर बुफेला पळतात. तुम्ही पळू नका. आम्ही गेलो तेव्हा खाली निम्मी टेबलं रिकामी होती, आणि आमच्या गोंयकाराने आतून माझ्यासाठी लिंबाचं लोणचं आणलं होतं, कोणा स्वयंपाक्याच्या घरचं. बरणी बाहेर काढायची नव्हती, म्हणून चहाच्या बशीत.