वळिवाचे ढग आणि रानातली माणसे



चैत्र सरत आला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात दुपारचे आकाश पाहण्यासारखे असते. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा, आणि चारच्या सुमारास एकाएकी काळ्या ढगांचे बुरूज उभे राहतात. समुद्राकडचा दमट वारा सह्याद्री चढून येतो, पठारावरच्या कोरड्या व तप्त वाऱ्याशी त्याची गाठ पडते, आणि तापल्या भुईवरून उसळणारी हवा ते बाष्प दहा-बारा किलोमीटर उंच नेते. तेथे हिमकण व गारा एकमेकांवर आदळून विजेचा साठा होतो. वळीव म्हणतात तो हाच.

धूळवाफ पेरणीकरिता ज्याची वाट पाहायची त्याच्याच भीतीने रान सोडायचे, हे शेतकऱ्याच्या जिवावर येते. तथापि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात २,८८७ माणसे वीज पडून दगावली. पाऊस सुरू झाला म्हणजे घरी निघू, असे पुष्कळजण म्हणतात. परंतु वीज पावसाची वाट पाहत नाही. ढगापासून दहा किलोमीटर दूर, कोरड्या उन्हातदेखील ती पडू शकते. गडगडाट कानी आला, की आपण तिच्या टप्प्यात आलोच असे समजावे.

कणकुंबीकडच्या डोंगरकड्यांवर गुरे राखणाऱ्या पोरांनी माथा सोडून खाली उतरावे. पूर्वेस बैलहोंगलकडील सपाट काळ्या रानात गोष्ट निराळी. तेथे उभा माणूस हाच सर्वांत उंच, म्हणून तो एकाकी झाडाचा आश्रय घेतो आणि तेथेच फसतो. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत पसरते व जवळ उभ्या असलेल्याच्या एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून चिंचेखाली बांधलेली जोडी एकदमच मरते. उघडी झोपडी वा पत्र्याचे छप्पर यांचा भरवसा धरू नये. पक्के घर, किंवा काचा लावलेली बस वा मोटार बरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. पुणे येथील उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेले ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर असल्यास चाळीस किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजेची सूचना मिळते. मोबाईल वीज ओढतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

युरोपात जुन्या काळी वादळ आले की ख्रिस्तमंदिराची घंटा वाजवीत. तिच्या नादाने वीज टळते अशी लोकांची श्रद्धा होती. गावातला सर्वांत उंच मनोरा, आणि भिजल्या दोराला धरून उभा बिचारा घंटावादक! म्युनिक येथे १७८४ साली निघालेल्या एका पुस्तकात हिशेब दिला आहे: तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटावादक मेले. व्हेनिसच्या संत मार्कच्या घंटाघरावर वीज वारंवार कोसळे; तेथे विद्युत्‌वाहक बसवल्यावर ते नुकसान थांबले. प्रार्थना अवश्य करावी, घरात बसून करावी. आणि ज्या देवळाच्या मनोऱ्यावर विद्युत्‌वाहक आहे, तेथे त्याची पट्टी जमिनीपर्यंत अखंड आहे की नाही, हे पाऊसकाळापूर्वी जाणत्याकडून तपासून घ्यावे. तुटकी पट्टी असून नसल्यासारखीच.

विजेचा झटका बसलेल्याला हात लावण्यास लोक कचरतात. त्याच्या अंगात वीज मुळीच उरलेली नसते. काही ठिकाणी त्याला शेणात पुरून ठेवतात. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालत नसेल तर लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने व भराभर दाबत राहावे, तोंडाने श्वास द्यावा, आणि दुसऱ्याने १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी. अनेक माणसे पडली असतील तर निपचित पडलेल्याकडे प्रथम धावावे. कण्हणारा बहुधा वाचतो.