कुलामामाच्या नावावर आम्हाला उठवू नका!

साथींनो,

1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून आम्हाला एकच गोष्ट ऐकवतात : माणूस गेला की वाघ वाचेल. आम्ही विचारतो, 1974 पर्यंत वाघ राखला कुणी?

सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या या डोंगरातून निघून तापीला मिळतात. त्यांच्या काठी कोरकू पिढ्यान्‌पिढ्या राहतो. वाघाला आम्ही कुलामामा म्हणतो. याच रानात गवा आहे, सांबर, अस्वल, रानकुत्री आहेत. 1884 नंतर रानपिंगळा अभ्यासकांना दिसत नव्हता. 1997 साली तो शहाद्याजवळ सापडला, पुढे मेळघाटातही दिसला. गावं असलेल्या सातपुड्यातच तो टिकला ना?

आता सागाचं बोला. इंग्रजांनी राखीव जंगल केलं ते सागासाठी. कूप तोडायला, रस्ते करायला मजूर पाहिजेत म्हणून खात्यानेच वनग्रामं वसवली. लाकूड भरून गेलं ते कुणाच्या हुकमाने? तोडायची मजुरी खात्याने दिली, अन्‌ चोर ठरलो आम्ही! आज सरपणाची मोळी आणली तरी दरडावतात. आमच्या बैलाने वाघ बिथरतो म्हणे. मग पर्यटकांची जिप्सी काय वाघाची सोयरी आहे?

पुनर्वसनाला घरटी पैसा दाखवतात. पैसा संपतो, मोह दरवर्षी फुलतो.

2006 चा वनहक्क कायदा काय सांगतो, ते पाठ करा. कलम 4(5) : हक्कांची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. कलम 4(2) : वन्यजीवांसाठी गाव हलवायचं तर ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे, अन्‌ नव्या जागी सगळ्या सोयी आधी झाल्या पाहिजेत. रिकामी झालेली जागा पुढे दुसऱ्या कामाला देता येत नाही. कलम 5 : जंगल अन्‌ जनावर राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. वनग्रामाचं महसुली गाव करून घेणं हाही आपला हक्कच आहे.

म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. साहेब आला तर म्हणा, ग्रामसभेत या, बायाबापड्यांसमोर बोला, लिहून द्या. आधी दाव्यांचा निकाल, मग बाकीचं. दावा भरला असेल त्याने पोचपावती जपून ठेवावी. भरला नसेल त्याने येत्या ग्रामसभेत भरावा.

वाघ राहील, आम्हीही राहू. जंगल आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!