परीक्षकांविना प्रदर्शन

दृक्प्रत्ययवादानंतरच्या कलेचा इतिहास बहुधा एकाकी प्रतिभावंतांची कथा म्हणून सांगितला जातो; त्यामागील संघटना विसरली जाते. १८८४ साली पॅरिसच्या प्रस्थापित 'सालों'ने जॉर्ज सराचे स्नानचित्र नाकारले. त्याच वर्षी त्याने व इतर उपेक्षित चित्रकारांनी 'स्वतंत्र कलावंतांची संस्था' उभारली. परीक्षक नाहीत, पारितोषिके नाहीत, हा तिचा नियम. तिच्याच प्रदर्शनांतून सराचा बिंदुवाद रुजला, व्हॅन गॉखची चित्रे लोकांपुढे आली, १९११ साली घनवादी एकत्रितपणे प्रकटले. मात्र १९१२ साली याच घनवाद्यांनी मार्सेल द्यूशाँच्या 'जिना उतरणारी नग्ना' या चित्रावर आक्षेप घेतला आणि त्याने ते परत नेले. नियमावलीत परीक्षक नव्हता; सहकाऱ्यांनीच ती जागा घेतली. परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानी ठेवावी.