पोत्यांचा हिशेब, पोटाचा नाही

ट्रकचा फाळका उघडतो, फळी लागते आणि टोळीतला हमाल 50 किलोचं पोतं पाठीवर घेतो. डगमगत्या फळीवर तोल सावरताना तो श्वास रोखतो. त्या क्षणी पोटातला दाब वाढतो आणि जांघेतला स्नायूंचा पडदा मुळात कच्चा असेल तर तिथून आतडं बाहेर डोकावतं. सुरुवातीला लिंबाएवढा फुगवटा दिसतो. आडवं झालं की तो आत जातो, म्हणून लंगोट आवळून माणूस पुन्हा फळी चढतो. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला की मात्र जिवावर बेततं.

हा हर्निया आजार मानायचा की कामावरची इजा?

1923 चा भरपाई कायदा दोन गोष्टी ओळखत आला: कामावर घडलेला अपघात आणि यादीतले व्यावसायिक रोग. यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे, हर्निया नाही. म्हणजे ‘अमुक पोतं उचलताना कळ आली’ हे हमालाने सिद्ध करायचं. वीस वर्षं थप्प्या लावणाऱ्याने नेमकं कोणतं पोतं दाखवावं?

हर्नियामागे जन्मजात कच्चेपणा, वय, जुना खोकलाही असतो, हा मालकांचा युक्तिवाद खोटा नाही. पण डेन्मार्कमधल्या अभ्यासांत वर्षानुवर्षं साचत गेलेल्या ओझ्याचा जांघेतल्या हर्नियाशी संबंध दिसला आहे. दिवसाला 200 पोती धरली तरी 10 टन होतात.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेच्या सूत्रात अगदी सोयीच्या स्थितीतही उचलण्याच्या वजनाची मर्यादा 23 किलो आहे. आपल्याकडे सिमेंटची गोणीसुद्धा 50 किलोची. ती किती किलोची भरायची हे हमालाच्या हातात नसतं. नगावर मजुरी घेणारा हमाल शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे घरी बसला की त्याची चूल थंडावते.

अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आणि मंडळ दिलं. आता त्याच मंडळांनी वर्षातून एकदा जांघेची तपासणी करावी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रजेची मजुरी मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून द्यावी. पुराव्यासाठी लांब जायला नको. नोंदणीकृत कामगाराची मजुरी मालक मंडळातच भरतो. त्या भरण्याच्या नोंदींवरून एका माणसाने दहा वर्षांत साधारण किती टन वाहिले, याचा अंदाज निघू शकतो. भरपाईच्या अर्जाला तोच आकडा जोडावा.