एका स्वल्पविरामाची किंमत

मुलांच्या इंग्रजी वहीत स्वल्पविराम सुटला, तर आपण ती किरकोळ चूक मानतो. अमेरिकेतील मेन राज्यात मात्र त्यावरून खटला लढला गेला. ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांच्या कायदेशीर यादीत शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे होते. 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. मग वाटप हे वेगळे काम, की पॅकिंगच वाटपासाठीचे? डेअरीचे गाडीचालक माल पोहोचवत, पॅकिंग करत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने संदिग्धतेचा फायदा त्यांना दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणून आम्ही सांगतो, इंग्रजी अर्ज किंवा करार लिहिताना दोन अर्थ निघत असतील, तर यादीतल्या शेवटच्या 'अँड', 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम द्यावा. घामाचा मोबदला त्यावर अडू शकतो.