गाळ उपसण्याआधी मालाचा हिशेब

मध्य प्रदेशातील बालाघाटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम बंदराच्या जन्मकथेत या जिल्ह्याला स्थान आहे. भरवेलीसह तत्कालीन मध्य प्रांतातील खाणींचे मँगनीज मुंबई वा कलकत्त्यास नेणे खर्चिक होते. जवळचे बंदर मिळावे म्हणून तेथील दलदलीची खाडी उपसून गोदी घडवण्यात आली. १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम लोहमार्ग पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये बंदर खुले झाले. माल, लोहमार्ग आणि खोली या तिन्हींचा विचार एकत्र झाला होता.

पुढे मालच बदलला. आज भारत मँगनीज आयात करतो. विशाखापट्टणमचा जहाजमार्ग वाया गेला नाही, कारण बैलाडिल्याचे लोहखनिज तेथे आले. प्रत्येक बंदराला असा दुसरा माल लाभतोच असे नाही.

गोव्याने हे अनुभवले आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि मांडवी-झुआरीतील बार्ज थांबल्या. गाळ मात्र थांबला नाही. तो दर पावसाळ्यात येतोच. २०१६ मध्ये मुरगावचा जहाजमार्ग १४.४ मीटरवरून १९.८ मीटरपर्यंत खोल करण्याचे काम हाती घेण्यात आले. जनसुनावणीविना दिलेला पर्यावरण दाखला त्याच वर्षी हरित लवादाने रद्द केला. त्या वादात पर्यावरणाची चर्चा झाली, ती आवश्यकही होती. पण आर्थिक प्रश्न मागे पडला.

मोठे जहाज आले की दर टनामागील भाडे उतरते. ती बचत प्रामुख्याने मालाच्या मालकाची असते. उलट मार्ग जितका खोल, तितका त्यात गाळ साचण्याचा कल अधिक. म्हणजे उपसण्याचा खर्च एकदाचा नसून कायमचा. शिवाय धक्का, साठवणूक आणि रेल्वे यांची क्षमता अपुरी असेल, तर पाण्याची जादा खोली निरुपयोगी ठरते.

२०१६ च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांत मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याचा कालवा आहेत; बालाघाटवरून वाहणाऱ्या वैनगंगेचा खालचा टप्पाही आहे. एवढ्या सगळ्या मार्गांचा गाळ उपसणे कोणत्याही तिजोरीला परवडणार नाही. म्हणून निवडीचा निकष स्पष्ट हवा: माल किती वर्षे टिकेल, लाभ कोणाला मिळेल आणि माल आटल्यावर देखभालीचा भार कोण उचलेल? लाभधारकाने दीर्घ मुदतीची लेखी हमी द्यावी, मगच ड्रेजर पाण्यात उतरावा. अन्यथा फायदा एका उद्योगाचा आणि गाळ गोमंतकीयांच्या वाट्याला, हाच हिशेब उरेल.