पिशवी फुगायला लागलेली वीस वर्षं

१९५२ साली पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक बायको आणि लहान मुलीसह गाडीतून निघाले होते. रस्त्यात अडथळा दिसला, गाडी खड्ड्याकडे वळवावी लागली आणि दोघांचेही हात आपोआप पुढे बसलेल्या मुलीच्या आड गेले. त्याच रात्री त्यांनी धडकेसरशी फुगणाऱ्या पिशवीची, म्हणजे एअरबॅगची, रेखाटनं सुरू केली. नौदलातला अनुभव कामी आला: टॉर्पेडो दुरुस्त करताना दाबाखालची हवा अचानक सुटून वरचं कॅनव्हास फुगून उडालेलं त्यांनी पाहिलं होतं. १९५३मध्ये पेटंट मिळालं. जर्मनीत वाल्टर लिंडरर यांनाही त्याच सुमारास मिळालं.

पण दाबाखालची हवा संथ पडत होती. पिशवी तर डोळ्याचं पातं लवायच्या आत भरायला हवी. ते जमलं सोडियम अझाइडसारख्या, ठिणगी लागताच नायट्रोजन सोडणाऱ्या रसायनामुळे. धडक ओळखायचं काम ॲलन ब्रीड यांच्या साध्या, स्वस्त सेन्सरनं केलं. नळीत एक गोळी. धडकेसरशी ती पुढे सरकते आणि विद्युतमंडल पूर्ण होतं. मला या साऱ्या कथेत सर्वांत देखणी वाटते ती ही गोळीच.

ऑल्ड्समोबिल टोरोनाडो १९७३मध्ये एअरबॅगसह बाजारात आली. तोवर हेट्रिक यांच्या पेटंटची मुदत संपली होती. त्यांना त्यातून एक पैही मिळाली नाही. हा अन्यायच.

आपल्याकडे नव्या मॉडेलच्या गाड्यांत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग २०२१पासून सक्तीची झाली. मात्र ती पट्ट्याच्या जोडीनंच काम करते. वाचकहो, पट्टा लावा. आणि मुलाला मांडीवर घेऊन पुढे कधीही बसू नका.